अरेबिया माउंटन: कातळावर पाय कुठे ठेवायचा

अटलांटात कुणाचे आई-बाबा भारतातून आले की पहिल्या शनिवारी मत्स्यालय, दुसऱ्या शनिवारी स्टोन माउंटन, हे ठरलेलं. तिसऱ्या शनिवारी काय, असं कुणी विचारलं की मी अरेबिया माउंटन सांगते. पुढचा प्रश्न हमखास येतो, "तिथे काय आहे?" खरं उत्तर "उघडा दगड" असं आहे. ते ऐकून कुणी जात नाही, म्हणून हा लेख.

जागा आहे शहराच्या पूर्वेला, आय-२० महामार्गाने वीसेक मैलांवर, लिथोनिया गावाच्या दक्षिणेला. डेव्हिडसन-अरेबिया माउंटन नेचर प्रिझर्व्ह हे डिकाल्ब काउंटीचं सुमारे अडीच हजार एकरांचं राखीव रान. त्याच्याभोवती डिकाल्ब, रॉकडेल आणि हेन्री या तीन काउंट्यांत पसरलेला चाळीस हजार एकरांच्या आसपासचा टापू अमेरिकी काँग्रेसने २००६ साली 'नॅशनल हेरिटेज एरिया' ठरवला. नॅशनल पार्कसारखं इथे एक गेट, एक तिकीटखिडकी असं काही नाही. या टापूत माणसं राहतात, चर्च आहेत, मॉल आहे, शेतं आहेत, एक मठ आहे. त्यामुळे कुठून सुरू करायचं हे कळत नाही आणि बरेच लोक डोंगरावर एक फोटो काढून तासाभरात परत येतात. तसं होऊ नये म्हणून मी ज्या क्रमाने पाहुण्यांना नेते तो क्रम सांगते.

'माउंटन' या शब्दावर मात्र जाऊ नका. समुद्रसपाटीपासून माथा साडेनऊशे फुटांच्या आसपास, आणि पायथ्यापासून मोजाल तर दोनशे फूटही नाही. रोज पर्वती चढणाऱ्या माझ्या बाबांनी गाडीतून उतरल्यावर इकडे तिकडे बघून विचारलं होतं, "डोंगर कुठाय?" ते त्याच्यावरच उभे होते.

मोसम आधी, तारीख नंतर

पहिली वारी आम्ही जुलैत केली, दुपारी एकला, पायात सपाता. कातळावर सावलीचं एक झाड नाही. दगड असा तापलेला की सपातेच्या तळव्यातून चटका लागत होता, आणि जिकडे तिकडे वाळकं तपकिरी गवतासारखं काहीतरी. अर्ध्या वाटेवरून परत फिरलो आणि पुढची दोन वर्षं "काही नाहीये तिथे" असं मीच लोकांना सांगत होते. ते वाळकं काहीतरी काय होतं, ते पुढे येईल.

खरे मोसम दोन. पहिला मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. तेव्हा कातळावरच्या उथळ खळग्यांमध्ये डायमॉर्फा नावाची इवलीशी वनस्पती लालभडक होते आणि वर पांढऱ्या फुलांचा शिडकावा होतो. दुसरा सप्टेंबर, तेव्हा पिवळ्या रानडेझी फुलतात. ही सूर्यफुलाच्या जातीतली, फक्त इथल्या आणि शेजारच्या राज्यांच्या अशा कातळांवर येणारी. सप्टेंबरात स्टोन माउंटनला जो यलो डेझी फेस्टिव्हल भरतो, त्याच्या नावातलं फूल हेच. तिकडे स्टॉल बघायला गर्दी असते, फूल बघायला इकडे या.

हिवाळ्यातला कोरडा, उन्हाचा दिवसही चांगला. हवा स्वच्छ, गर्दी नाही, खळग्यांत पाणी असतं. उन्हाळ्यात जायचंच असेल तर उजाडताच जा आणि दहाच्या आत कातळावरून खाली या. दुपारी इथे ढग चढून गडगडाट होतो, आणि उघड्या दगडावर आपणच सगळ्यांत उंच असतो.

पाऊस पडून गेल्यावर चोवीस तास थांबा. कातळावर पाणी वाहायच्या वाटा काळ्या पट्ट्यांसारख्या दिसतात. त्या शेवाळाच्या असतात आणि ओल्या असताना साबणासारख्या. बूट कितीही महागाचे असोत.

निघताना

आय-२० पूर्वेकडे, एक्झिट ७४, मग एव्हन्स मिलवरून क्लोंडाइक रोड. गाडी लावायच्या दोन जागा आहेत. नेचर सेंटरची, आणि तिथून पुढे दक्षिणेला क्लोंडाइक रोडवरच दुसरी. नकाशात नुसतं 'अरेबिया माउंटन' टाकलंत तर यांतल्या कुठल्याही एका ठिकाणी पोचाल आणि मग गोंधळ होतो. माथा गाठायला दक्षिणेची जागा जवळ, तिथून एकेरी अर्धा-पाऊण मैल. नेचर सेंटरपासून निघालात तर मैलाच्या वर चालावं लागतं, पण वाट सुरेख आहे, काही भाग लाकडी फळ्यांचा, कातळाच्या कडेकडेने.

माझा क्रम असा: आधी नेचर सेंटरला थांबायचं, बाथरूम उरकायचं, छापील नकाशा घ्यायचा. मग गाडीने दक्षिणेच्या पार्किंगला जायचं आणि माथा करायचा. पाहुणे दमले नसतील तर परत नेचर सेंटरच्या बाजूला येऊन खाण आणि तळं. प्रवेश आणि पार्किंग दोन्ही फुकट, त्यामुळे एप्रिलच्या रविवारी अकरा वाजता पार्किंग मिळत नाही. साडेआठला पोचा.

सोबत माणशी लिटरभर पाणी (वर कुठेही नळ नाही), टोपी, घट्ट पकडीचे बूट. खायला आमच्याकडे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असते. कागदी प्लेटा नकोत, वाऱ्याने उडून थेट खळग्यांत जातात. आणि एक छोटं भिंग. हे ऐकून लोक हसतात, पण दुर्बिणीपेक्षा भिंगाचा उपयोग इथे जास्त होतो.

चढ

झाडीतून थोडं चालल्यावर एकदम झाडं संपतात आणि समोर राखाडी दगडाचा उतार सुरू होतो. पायवाट अशी नाही, दगडावर ती उमटणार कुठे? खुणेसाठी ठरावीक अंतरावर दगड रचून ठेवलेत, आपल्या लगोरीसारखे. एका लगोरीपाशी उभं राहून पुढची शोधायची आणि सरळ तिच्याकडे जायचं. मुलांना हे काम द्या, ती पुढे धावतात आणि कुरकुर बंद होते. फक्त दोन गोष्टी आधी बजावून सांगा: ही लगोरी फोडायची नाही आणि आपली नवी रचायची नाही. नवी रचली की मागून येणारा माणूस तिच्या नादाने भलतीकडे, बहुतेक वेळा नाजूक खळग्यांमधून, जातो.

चढताना दोन मिनिटं खाली बसून दगडाला हात लावा. सगळे याला ग्रॅनाइट म्हणतात, पाट्यांवर आणि बाजारातही तेच नाव, पण भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने हा नाइस, म्हणजे प्रचंड दाब-उष्णतेने रूप बदललेला दगड. लिथोनिया नाइस हे त्याचं नाव. तयार होताना तो अर्धवट वितळला, त्यामुळे त्यात फिकट आणि गडद पट्टे वळणं घेत गेलेत. दोन रंगांची कणीक अर्धवट मळून सोडावी, तसं दिसतं. वय सुमारे चाळीस कोटी वर्षं. आपला सह्याद्री ज्या काळ्या बसाल्टचा, तो साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे याच्यापुढे पोरसवदा. शिवाय तो लाव्हा वर येऊन थरावर थर साचून झालेला. हा जमिनीच्या पोटात खोल घडला, आणि वरचं सगळं झिजून गेल्यावर उघडा पडला.

सह्याद्रीत वाढलेल्या पायांना इथला उतार सोपा वाटतो. पायऱ्या नाहीत, सुटे दगड नाहीत, घसारा नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी उतरताना नागमोडी उतरावं. सरळ खाली आलं की गुडघ्यावर सगळा भार येतो.

खळगे

आता मुख्य गोष्ट. कातळावर बशीएवढ्यापासून ते खोलीएवढे खळगे आहेत. गडांवरची टाकी माणसांनी खोदलेली, ही पाण्याने. पावसाचं पाणी साचतं, दगडातली फेल्डस्पार नावाची खनिजं हळूहळू विरतात, खळगा वाढत जातो. मग त्यात चिमूटभर माती जमते आणि त्या मातीच्या जाडीवर ठरतं की तिथे कोण राहणार.

एक खळगा निवडा आणि त्याच्या काठाशी, कोरड्या दगडावर, बसा. काठावर दगडाला चिकटलेलं राखाडी-हिरवट काहीतरी दिसेल, ते लायकेन. गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल टाकतो, त्याचीच ही भावंडं. आईला हे सांगितल्यावर तिने पहिल्यांदा वाकून वास घेतला होता. (येत नाही. आणि खरवडून घरी न्यायचं नाही.) काठालगत, जिथे माती जेमतेम एक-दोन इंच, तिथे लाल गालिचा दिसेल. हीच डायमॉर्फा, आपल्या पानफुटीच्या कुळातली. पानं मोत्यांसारखी गोल आणि मांसल, पाणी धरून ठेवणारी. भिंग लावून फूल बघा, चार पांढऱ्या पाकळ्या मोजता येतात. परागीभवनाचं काम बरंचसं मुंग्या करतात, थोडा वेळ बसलात तर तेही दिसेल.

तिच्या आत, माती जरा जाड झाली की पांढऱ्या फुलांची सँडवर्ट, मग ब्रशच्या केसांसारखं उभं शेवाळ, मग गवत आणि डेझी, आणि खळग्याच्या मधोमध, जिथे माती हातभर साचलीय, एखादं खुरटं पाइन किंवा सीडर. बाहेरून आत जाताना मातीची जाडी वाढते आणि काळही. मधलं झाड उभं राहायला खळग्याने शेकडो वर्षं घातलेली असतात.

जुलैत मला दिसलेलं वाळकं तपकिरी प्रकरण म्हणजे मेलेली डायमॉर्फा. मेल्यावरही ती उभीच राहते, आणि बी वरच्या बोंडात धरून ठेवते. कारण खाली दगड तव्यासारखा तापलेला असतो, तिथे बी पडलं तर भाजून निघेल. शरद ऋतूत गारवा आला, पाऊस झाला की बी खाली पडतं, रुजतं, आणि हिवाळाभर चिमुकली लाल रोपं वाढतात. म्हणजे "काही नाहीये तिथे" म्हणत मी ज्यावरून सपाता फरफटवत गेले, ते पुढच्या वर्षाचं सगळं बियाणं होतं.

काही खळग्यांना सगळीकडून काठ असतो आणि हिवाळ्या-वसंतात त्यांत स्वच्छ, वीतभरही खोल नसलेलं पाणी राहतं. त्यांत कधीच पाय घालू नका, कुत्र्यालाही घालू देऊ नका. त्या पाण्यात पूल स्प्राइट नावाची वनस्पती असते. तळाशी तिचा गुच्छ, तिथून धाग्यासारखी दांडी वर येते आणि तिच्या टोकाला पाण्यावर तरंगणारी दोन पानं. मधे दाण्याएवढं पांढरं फूल. वसंतात तीन-चार आठवड्यांत तिचा सगळा संसार आटोपतो, मग पाणी आटतं. तिथेच काळ्या बीजाणूंची क्विलवर्टही असते, कांद्याच्या पातीच्या झुपक्यासारखी. दोन्ही अमेरिकेच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या केंद्रीय यादीत १९८८ पासून आहेत. एका बुटाच्या ठशाने तळाची माती ढवळली जाते, बाहेर वाहून जाते, आणि खळगा पुन्हा नुसता दगड.

कास पाहिलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. तिथे जांभ्याच्या सड्यावर मातीचा असाच पातळ थर, त्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं आणि गेंद यांचे गालिचे, आणि पाऊस संपला की खेळ खलास. फरक असा की कासला आता ऑनलाइन बुकिंग, शिट्ट्या मारणारे स्वयंसेवक आहेत. इथे बुकिंग नाही, ओरडणारं कुणी नाही. नियम एकच, पाय उघड्या दगडावर. लाल, हिरवं, ओलं, काळं, वाळकं, कशावरही नाही. मी मुलांना "फक्त राखाडीवर चालायचं" एवढंच सांगते, ते पाच वर्षांच्या मुलालाही कळतं.

बसल्या जागी दगडाकडे टक लावून पाहा. अचानक दगडाचा तुकडा उडी मारेल. तो लायकेनच्या रंगाचा नाकतोडा. उडेपर्यंत तो तिथे आहे हे सांगूनही दिसत नाही.

माथ्यावर जाऊन या, दहा मिनिटं बसा. खाली जंगलाचा हिरवा पसारा दिसतो, वीस मैलांवर अटलांटा आहे यावर विश्वास बसत नाही. पण खरं सांगायचं तर माथा हा या डोंगराचा सगळ्यांत कमी रंजक भाग आहे.

खाण आणि तळं

नेचर सेंटरच्या बाजूने माइल रॉक ट्रेल धरला की जुन्या खाणीत पोचता. लिथोनिया हे नावच ग्रीक 'लिथोस', म्हणजे दगड, यावरून आलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथे पाथरवटांची वस्ती वाढली. फरसबंदीला, रस्त्याच्या कडेच्या दगडांना, इमारतींना इथला दगड जाई. बाजारात तो 'टायडल ग्रे' नावाने विकला जायचा, लाटांसारख्या नक्षीमुळे. पुढे दगड भरडून कोंबड्यांच्या खाद्यात घालायची खडीही इथून जाऊ लागली. कोंबडीला दात नाहीत, दाणा दळायला पोटात खडे लागतात. चाळीस कोटी वर्षांच्या दगडाचा शेवट कोंबडीच्या पोटात, हे आमच्या बाबांना इतकं आवडलं की भारतात फोन करून सगळ्यांना सांगून झालं.

वाटेत कापलेल्या दगडांच्या कडा नीट बघा. अंगठ्याएवढ्या जाडीच्या अर्धगोल खाचा एका ओळीत, सारख्या अंतरावर दिसतील. आधी ओळीने भोकं पाडायची, प्रत्येकात पाचर ठोकायची, एकेका पाचरेवर आळीपाळीने घण घालत जायचं, आणि दगड त्या ओळीत सरळ चिरला जातो. आपल्याकडचे पाथरवट पाचरा ठोकून दगड असाच चिरतात. मी एका खाचेत बोट घालून पाहिलं. भोक तासणाऱ्या हत्याराचे वळसे आतून अजून हाताला लागतात.

खाणीच्या कचेरीच्या भिंती उभ्या आहेत, छत नाही. पुढे उथळ डबकी, बेडकांचा आवाज, आणि मग अरेबिया लेक. जेवायला ही जागा चांगली, झाडं आहेत. पाण्यात उतरू नका. खाणीच्या कापलेल्या कड्यांना कठडे नाहीत, लहान मुलांचा हात सोडू नका. झाडीतून जाताना वाटेच्या मधोमध चाला, कडेला पॉयझन आयव्ही असते (तीन-तीन चकचकीत पानं, हात लावू नका), आणि घरी आल्यावर पोटऱ्या, गुडघ्यामागे गोचिडी तपासा.

डेव्हिडसन कुटुंबाने ही जमीन १९७० च्या दशकात काउंटीला दिली आणि खाणीचं राखीव रान झालं. म्हणजे आपण जे 'निसर्ग' म्हणून बघतो, त्यातलं बरंच कुणीतरी घणाने फोडून सोडून दिलेलं आहे, आणि वनस्पती तिथे परत येताहेत. पूर्ण फुटलेल्या उतारावर आणि न फुटलेल्या उतारावर खळगे मोजून बघा, फरक लगेच कळतो.

दुपार: मठ

जेवण झालं की गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, कॉन्यर्सजवळ, मॉनेस्टरी ऑफ द होली स्पिरिट. सायकल आणली असेल तर गाडीची गरजही नाही. अरेबिया माउंटन पाथ नावाची तीसहून अधिक मैलांची पक्की वाट लिथोनिया, राखीव रान, मठ आणि पनोला माउंटन स्टेट पार्क यांना जोडते. वाट चढउताराची आहे, आई-बाबांसोबत गाडीच बरी.

१९४४ साली केंटकीतल्या गेथसेमनी मठातून ट्रॅपिस्ट या कॅथलिक पंथाचे वीसेक साधू इथे आले. सुरुवातीला राहायला धान्य-गुरांचं कोठार. मग त्यांनी स्वतःच्या हातांनी काँक्रीटचं चर्च बांधायला घेतलं, आणि ते पुरं व्हायला पंधरा वर्षांच्या आसपास लागली. दगडाच्या प्रदेशात काँक्रीट, हे मला आधी विचित्र वाटलं होतं. आत शिरल्यावर विचार बदलला. रंगीत काचाही साधूंनीच केलेल्या, आणि उंच खिडक्यांतून उतरणारा निळसर उजेड करड्या भिंतींवर सांडलेला असतो. आत बोलायचं नाही. फोन गाडीत ठेवा. प्रार्थनेच्या वेळी मागच्या बाकावर शांत बसलात तर कुणी काही विचारत नाही, तुम्ही कुठल्या धर्माचे तेही नाही. माझी आई तिथे पाऊण तास बसली आणि बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "आळंदीला पहाटे असं वाटतं."

जुन्या कोठाराचा भाग आता मठाच्या संग्रहालयात आहे, तो जरूर बघा. दुकानात साधूंनी केलेली फज नावाची मिठाई मिळते, आणि हा मठ बोनसायसाठीही प्रसिद्ध आहे.

फ्लॅट रॉक

हा भाग लोक वगळतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. ही जमीन मस्कोगी (क्रीक) या मूळ अमेरिकी लोकांची. १८२१ च्या तहात ती त्यांच्याकडून गेली, चिठ्ठ्या काढून गोऱ्या वसाहतवाल्यांना वाटली गेली, आणि त्यांच्यामागून गुलाम म्हणून आणलेली काळी माणसं आली. डोंगराजवळची फ्लॅट रॉक ही त्यांची वस्ती, जॉर्जियातल्या सर्वांत जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांपैकी एक. विसाव्या शतकात दक्षिणेतल्या छळाला कंटाळून लाखो काळी कुटुंबं उत्तरेकडे निघून गेली. इथून मात्र बरीच गेली नाहीत. १९२० च्या दशकात टी. ए. ब्रायंट यांनी जमीन घेतली आणि तिचे तुकडे शेजाऱ्यांना विकत दिले. स्वतःच्या नावावर जमीन झाल्यावर लोक राहिले.

ब्रायंट यांचं साधं घर आज फ्लॅट रॉक आर्काइव्ह्ज म्हणून जपलंय. कुटुंबांचे फोटो, कागदपत्रं, शाळा-चर्चच्या आठवणी, आणि ते दाखवणारे बरेचदा त्याच कुटुंबांचे वंशज असतात. आधी संपर्क करून वेळ ठरवूनच जा, दारात जाऊन बेल वाजवायची जागा ही नव्हे. शक्य झालं तर जवळची गुलामांची दफनभूमी दाखवायला सांगा. झाडीत दोनशेच्या आसपास कबरी, बहुतेकांवर नाव नाही, डोक्याशी उभा केलेला एक ओबडधोबड दगड. तिथेही पाय जपूनच ठेवावा लागतो, पालापाचोळ्याखाली कुठला दगड कबरीचा आणि कुठला नुसता, हे पटकन कळत नाही.

वेळ उरलाच तर परतताना लिथोनियाच्या मेन स्ट्रीटवर गाडी हळू चालवा, दगडी इमारती दिसतील. ब्रूस स्ट्रीटवर १९३० च्या दशकात काळ्या मुलांसाठी स्थानिकांनी बांधलेल्या दगडी शाळेचे अवशेष आहेत. गावाने डोंगर विकला, पण थोडा स्वतःसाठीही ठेवला.

पनोला वेगळ्या दिवशी

एका दिवसात पनोलाही उरकू, असा मोह होईल. करू नका. स्टॉकब्रिजजवळचं पनोला माउंटन स्टेट पार्क हा राज्य सरकारचा वेगळा कारभार आहे. पार्किंगला पाच डॉलर लागतात, आणि डोंगरावर स्वतःहून जाता येत नाही. रेंजरसोबतच, आधी बुकिंग करून. वसंतातल्या जागा लवकर भरतात, फेब्रुवारीतच बघून ठेवा. पार्कमधल्या बाकीच्या वाटा आणि अलेक्झांडर लेक मात्र मोकळे आहेत.

इतकी बंधनं का, तर इथे खाण जवळपास लागलीच नाही. स्टोन माउंटनवर गृहयुद्धातल्या बंडखोर दक्षिणेच्या तीन पुढाऱ्यांची प्रचंड कोरीव शिल्पं, अरेबिया माउंटन पाचरांनी फोडलेला, आणि हा एकटा अंगावर ओरखडा न घेता राहिलेला. १९८० पासून तो नॅशनल नॅचरल लँडमार्क आहे. म्हणून क्रम उलटा करू नका. आधी अरेबिया बघा, खळगे ओळखायला शिका, खाचांतून बोट फिरवा, मग पनोलाला जा. नाहीतर पनोला म्हणजे नुसता आणखी एक दगड वाटेल.

आम्ही गेलो तेव्हा झाडी संपून कातळ सुरू होतो तिथे रेंजरने सगळ्यांना थांबवलं आणि कुठे चालायचं, कुठे नाही ते समजावायला लागली. तिचं वाक्य अर्ध्यावर असतानाच माझ्या भाच्याने मराठीतून जोरात सांगून टाकलं, "फक्त राखाडीवर." काय म्हणाला म्हणून तिने विचारलं. मी सांगितल्यावर तिने त्याला रांगेत सगळ्यांत पुढे उभं केलं.